आधी पुरावा, मग पट्टी

गेल्या वर्षी मी माझ्याच झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवरून पडलो, तेव्हा शेजारच्या नवसूदादाने मला उचललं नाही. तो धावत आला, हे कबूल. पण विटेचा तुकडा घेऊन आला आणि मी कण्हत असताना त्याने माझ्याभोवती डोक्यापासून पायापर्यंत लाल रेघ ओढली.

"हलायचा नाय, शेठ," तो म्हणाला. "डावा हात राहिलाय."

डावा हात होईपर्यंत मी जव्हारच्या भर रस्त्यात पडून राहिलो. मग त्याने पानवाल्याला साक्षीला बोलावलं, पायरीची उंची वितीने मोजली, निसटलेली फरशी ताब्यात घेतली आणि त्यानंतर मला बसवलं. "आधी पुरावा, मग पट्टी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. ती फरशी मला अजून परत मिळालेली नाही.

नवसूदादा मूळचा सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरचा. बरीच वर्षं बायकोला घेऊन ठाण्याकडे बांधकामावर जायचा. आता दोघं माझ्या दुकानामागच्या खोलीत राहतात. पावसाळ्याआधी तो लोकांची कौलं चाळून देतो. त्या वेळी डोक्यावर साइटवरचं पिवळं हेल्मेट असतं. त्यात काही वावगं नाही. पण तो जेवतानाही हेल्मेट घालतो. लग्नातही घालतो. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाच्या फोटोत सगळ्यांच्या डोक्यावर फेटे आहेत आणि मधोमध एक हेल्मेट आहे, नाडीने हनुवटीखाली घट्ट बांधलेलं.

कोणाला कुठेही खरचटलं की हा हजर. प्रश्न ठरलेले. काय मोडला? कोणी पाहिला? हजेरीत नाव हाय का? शेवटचा प्रश्न तो विहिरीवर घसरलेल्या म्हातारीलाही विचारतो. एकदा शेजारच्या शेळीवर फणस पडला. नवसूदादाने तिचाही पंचनामा माझ्याकडून लिहून घेतला. जखमीची सही हवी, म्हणून तिचा खूर माझ्या स्टॅम्पपॅडवर दाबला. मी चिडलो, तर म्हणाला, "कोऱ्या कागदावर नाय घेतला. वाचून दाखवला तिला." खरंच दाखवला होता. शेळी तोवर कागदाचा कोपरा खात होती.

त्याची पडवी म्हणजे गावभरच्या अपघातांचं गोदाम. तुटलेल्या चपला, मोडका जिना, स्टुलाचा पाय (तोही माझाच), प्रत्येकाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. त्याची बायको जानकीवहिनी लंगडत लंगडत त्यातून वाट काढते. ती बिचारी काही बोलत नाही. फक्त मोडकं लाकूड चुलीत घालायची तिला बंदी आहे. एकदा तिने स्टुलाचा पाय जाळायला घेतला, तर एरवी चढ्या आवाजात न बोलणारा हा माणूस असा ओरडला की मी दुकानातून बाहेर आलो. मी मनात म्हटलं, डोकं फिरलंय याचं. लोकही तेच म्हणायचे.

यंदा होळीनंतर माझ्या दुकानासमोर एका लॉजचं बांधकाम सुरू झालं. शिरपामाळला येणाऱ्या पाहुण्यांची सोय. एक दिवस भर दुपारी परांचीची फळी मोडली आणि घमेलं घेऊन वर गेलेली सुमन खाली आली. मोखाड्याकडची पोर, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळला होता. मुकादम तिला टेम्पोत घालायला सांगता सांगताच म्हणाला, "दवाखान्यात बोलायचं, घरी पाय घसरला. समजलं ना?"

नवसूदादा आलाच. मला वाटलं, आता हा त्या पोरीभोवती रेघ ओढत बसणार.

त्याने सुमनकडे पाहिलं आणि विटेचा तुकडा खिशात टाकला. "हिला न्या," तो म्हणाला. "लवकर न्या. फळी नाय न्यायची." मग मागून आलेल्या जानकीवहिनीला टेम्पोत चढवून म्हणाला, "डाक्टरला सांग, कामावर पडली. आन अंगठा कुठं द्यायचा नाय."

टेम्पो गेला आणि हा जाऊन खाली पडलेल्या मोडक्या फळीवर बसला.

फळी मधोमध तडकली होती, पण तिचे दोन तुकडे झाले नव्हते. मुकादमाला ती उचलायची होती, जागा धुवायची होती, नवी फळी लावून काम चालू ठेवायचं होतं. आधी त्याने चहा पाजला. नवसूदादाने चहा प्यायला आणि बसून राहिला. मग शिव्या दिल्या. त्याही ऐकून घेतल्या. तेवढ्यात खडीचा ट्रक आला आणि वाट अडली. शेवटी चार मजुरांनी फळी नवसूदादासकट उचलली. उचलण्याआधी त्याने त्यांच्याकडून फळीभोवती रेघ मारून घेतली. हेल्मेट घातलेला नवसूदादा मांडी घालून वर, खाली चार मजूर, मागे शिव्या देणारा मुकादम, अशी ती वरात चिंचेखाली गेली. तिथे ठेवल्यावर तो म्हणाला, "आता लिवा, शेठ. जागा बदलली, त्ये पण लिवा."

आता खरं सांगतो. लॉजवाल्याचे सगळे कागद माझ्याकडे झेरॉक्सला येत. तिथे पेन घेऊन उभं राहायला मला भीती वाटली. पण इतकी वर्षं शेळीचे पंचनामे लिहिले आणि माणसाचा लिहायच्या वेळी मान फिरवायची, याची मला लाज वाटली. मी फोटो काढले आणि पंचनामा लिहिला. पानवाल्याने सही केली. मीही केली.

मुकादम मागाहून कोरा कागद घेऊन सुमनचा अंगठा उठवायला दवाखान्यात गेला होता, हे आम्हांला नंतर कळलं. जानकीवहिनीने सांगितलं, "एक्सरे निघेपर्यंत तिचा अंगठा माझ्या मुठीत व्हता. तो काय मागल, कोनाला ठाव?" केसपेपरवर डॉक्टरांनी 'कामावर पडून' असं लिहिलं. पुढे प्रकरण कामगार कार्यालयात गेलं. सुमनचं नाव हजेरीत नव्हतं, पण फळी होती, फोटो होते, कागद होता. लॉजवाल्याने उपचार आणि भरपाई लेखी कबूल केली. परवा सुमन माझ्या दुकानाची पायरी स्वतःच्या पायाने चढली. मला फार बरं वाटलं.

ती गेल्यावर नवसूदादा आला. मागे जानकीवहिनी.

"अजून एक लिवायचा हाय," तो म्हणाला.

"आता कोण पडलं?"

"जानकी. ठाण्याला. तिसऱ्या माळ्यावरून."

मी पेन खाली ठेवलं. त्याला म्हटलं, दादा, त्याला आता बारा-पंधरा वर्षं झाली असतील, याचा काही उपयोग नाही. "मना ठाव हाय," तो म्हणाला. "तरी लिवा."

मी नाव लिहिलं, ठिकाण लिहिलं आणि त्याचेच ठरलेले प्रश्न त्याला विचारले. काय मोडलं? फळी. कोणी पाहिलं? मी. मग ठेकेदार काय म्हणाला? धुणं धुताना ओढ्यावर पडली म्हणाला. कामगार हापिसात सायबाने विचारला, मोडकी फळी कुठाय.

"कुठे होती?"

नवसूदादा हेल्मेटची नाडी सोडत राहिला. गाठ सुटेना.

"हिला टेम्पोत घालून नेली. मना मुकादम बोलला, जागा साफ कर, सगळी मानसा भुकेली हायत, भात टाक. मीच धुतला सगळा. मीच फळी फोडून चुलीत घातली." त्याने गाठीवरचा हात काढला. "त्याच भाताचा डबा हिला दवाखान्यात नेला. ही खाल्ली. बोलली, चांगला झालाय."

पुराव्याचा रकाना कोरा होता.

"भात कच्चा व्हता," जानकीवहिनी म्हणाली.

नवसूदादा वळून बघायला लागला.

"फळी सडेल व्हती, आतून वली. वल्या लाकडावर काय भात शिजल? दातात कचकच करं."

"मंग चांगला झाला का बोललीस?"

"तू रडत व्हतास."

मी पुराव्याच्या रकान्यात लिहिलं: फळी आतून ओली व सडलेली होती, कारण तिच्यावर शिजवलेला भात कच्चा राहिला. साक्षीदार, जखमी स्वतः. मग वाचून दाखवलं. जानकीवहिनीने स्टॅम्पपॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर उठवला. नवसूदादाने दोन झेरॉक्स मागितल्या, एक त्याला, एक तिला.