दुसऱ्या बाजूचे हळबेकाका

जर्मनीतल्या बाड हॉम्बुर्गमध्ये मला ज्यांनी सांभाळलं ते हळबेकाका. हे नाव आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्या बऱ्याच गमती सांगणार आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस उपकार विसरला. विसरलेलो नाही.

तर हळबेकाकांना कुठल्याच गोष्टीची एक बाजू पचायची नाही. आपण म्हणावं, "काका, आज थंडी फार आहे." ते चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "आल्झो," म्हणजे जर्मनमध्ये 'तर मग', "ही झाली तुझी बाजू. दुसरी बाजू?" थंडीला कसली बाजू, असं म्हटलं तर स्वतःच थंडीचं वकीलपत्र घेऊन दहा मिनिटं बोलणार. एकदा मला जॅकेट घ्यायचं होतं म्हणून बरोबर आले आणि दुकानातल्या बाईंना म्हणाले, हे जॅकेट का घेऊ नये तेवढं सांगा. बाई आधी हसल्या, मग विचारात पडल्या, मग म्हणाल्या, याची चेन लवकर बिघडते. आम्ही हात हलवत परत आलो. तो अख्खा नोव्हेंबर मी दोन स्वेटर एकावर एक घालून काढला.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस. कराडजवळच्या गावात लग्नाच्या पंगतींना भात शिजवता शिजवता आचारी झालो आणि एका ओळखीवर इथल्या भारतीय रेस्टॉरंटात आलो. भाषा शून्य, भीती शंभर. दाराची बेल वाजली तरी वाटायचं, आले परत पाठवायला. पहिल्याच महिन्यात एका रविवारी दुपारी रस्त्यावरच्या काच टाकायच्या पेटीत रिकाम्या बाटल्या टाकायला गेलो. खळ्ळ! खळ्ळ! समोरच्या खिडकीतून एक आजीबाई अशा ओरडायला लागल्या की मी बाटलीसकट दोन्ही हात वर केले आणि "आई गं!" म्हणालो.

तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून स्वच्छ मराठी आवाज आला, "हलू नकोस. खाली येतोय. दोन्ही बाजू ऐकायच्या आहेत."

हे हळबेकाका. गाड्यांच्या ब्रेकचे रिटायर इंजिनियर. पायात सपाता, हातात वही. त्यांनी आधी आजीबाईंचं म्हणणं लिहून घेतलं, मग माझं. मला सांगितलं, इथे रविवार शांततेचा असतो, बाटल्या सोमवारी टाकायच्या. मग आजीबाईंकडे वळून जर्मनमध्ये काहीतरी बोलले आणि त्यांनी धाडकन खिडकी लावून घेतली.

"काय म्हणालात, काका?"

"म्हटलं, ओरडणं हासुद्धा आवाजच. त्यांनीही सोमवारी ओरडावं."

तेव्हापासून सरकारी पत्र आलं की पाकीट न फोडताच मी त्यांच्याकडे नेत असे. माझ्या हातून ते उघडायचंच नाही. काका वाचत, "ही ऑफिसची बाजू," म्हणत आणि मग माझी बाजू टाईप करत. माझं इथलं राहणं वाढलं ते त्या टाईप केलेल्या कागदांवर.

आता आमच्या मराठी मंडळाचं. इथे मंडळ काढायचं तर नियमावली लागते. ती काकांनीच लिहिली होती. त्यात लवादाचं पद होतं. गणपतीत कोणाचा नाच किती मिनिटं, कोणाचा कुकर कोणाकडे राहिला, कोणाला सभासद करायचं, असे सगळे तंटे लवादाने सोडवायचे. कलम अकरा म्हणत होतं: लवादाने किंवा त्या पदाच्या उमेदवाराने कोणाचीही एकच बाजू घेऊ नये, घेतल्यास तो अपात्र.

त्या वर्षी पद रिकामं झालं आणि काकांनी अर्ज भरला. त्यांना ते पद किती हवं होतं, हे त्यांचं घर बघून कळायचं. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या, मधे टेबल, टेबलावर पितळी घंटी. "भांडणं काही कमी नाहीत, शंकर," ते घंटी पुसत म्हणाले. "रोज कोणी ना कोणी येईल."

विरुद्ध उभे होते निंबकरसाहेब. फ्रँकफुर्टच्या सॉफ्टवेअर कंपनीत मोठे साहेब. माणूस वाईट नाही, माझ्या मसालेभाताचे तर भक्तच. पण राजकारणातली मतं पक्की. मंडळाच्या ग्रुपवर त्यांनी लिहिलं होतं: जर्मनीने डिग्रीवाल्यांनाच व्हिसा द्यावा, आचारी-बिचारी आणून आपली पत घालवू नये, मंडळानेही सभासद करताना शिक्षण बघावं. माझा सभासद होण्याचा अर्ज त्याच आठवड्यात गेला होता. मी तो मेसेज वाचला आणि फोन तांदळाच्या डब्यामागे ठेवून दिला.

काकांनी भाषण दोन कागदांवर लिहिलं. एकावर निंबकरांच्या मतांवर टीका, दुसऱ्यावर निंबकरांची बाजू. तालीम माझ्यासमोर. दुसरा कागद त्यांनी इतका झकास वाचला की कांदा चिरता चिरता मी मान डोलावली. मला परत पाठवायलाच हवं, हे मला अगदी पटलं.

सभा रविवारी दुपारी होती, जेवणाचं काम माझ्याकडे. मी हॉलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत डाव घेऊन उभा. काका उठले.

"आल्झो. निंबकर हुशार आहेत, कामाचे आहेत. पण शिक्षण बघून माणूस आत घ्यायचा, हे त्यांचं मत घेऊन कोणी लवाद झाला, तर डिग्री नसलेला माणूस त्या खुर्चीत बसण्याआधीच हरलेला असेल. तो शंकर बघा. पत्राचं पाकीट उघडायला घाबरतो. तसलंच आणखी एक पाकीट आपण त्याच्या हातात देणार?"

मग त्यांनी दुसरा कागद काढला. त्याच्याकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. आणि घडी घालून खिशात ठेवला.

"दुसरी बाजू मला पाठ आहे. पण मी ती वाचणार नाही."

सभेत कुजबुज झाली. निंबकरसाहेब अवघडून म्हणाले, "काका, राग मानू नका, पण कलम अकरा. तुमचंच आहे."

अध्यक्ष मुग्धाताई कळवळल्या. "अहो काका, वाचा ना तो कागद! दोन मिनिटांचं काम. म्हणजे कलम लागणार नाही."

"गेनाऊ, अगदी. कलम बरोबर आहे," काका म्हणाले. "माझं नाव खोडा."

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. काय, ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण काहीतरी. मी भातात डाव फिरवत राहिलो. पाच मिनिटांनी मी तोंड उघडलं ते "भात वाढू का?" म्हणायला.

निंबकरसाहेब लवाद झाले. जाताना त्यांनी माझा अर्ज मागून घेतला, उभ्या उभ्या सही केली आणि खाली लिहिलं, 'काकांचं ऐकलं.' मग माझ्याकडे न बघता भाताचा डबा भरून मागितला.

दुसऱ्या दिवशी रेस्टॉरंटला सुट्टी. मी काकांकडे गेलो. खुर्च्या तशाच समोरासमोर. मी एकीत बसायला गेलो तर म्हणाले, "ती हिची."

काकू जाऊन तीन वर्षं झाली होती, मी त्यांना पाहिलेलंही नव्हतं.

"चाळीस वर्षं मी काहीही म्हटलं की ही म्हणायची, 'अहो, पण दुसरी बाजू?' डोकं उठवायची. आता ते वाक्यही मलाच म्हणावं लागतं."

"काल काकू असत्या तर काय म्हणाल्या असत्या?"

काकांनी बराच वेळ घंटी पुसली. "काल गप्प बसली असती. पहिल्यांदाच." मग खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बस. हरकत नाही तिची."

तेव्हापासून दर सोमवारी मी त्या खुर्चीत बसतो आणि काका जे म्हणतील त्याच्या उलट बोलतो. ते चहा गोड म्हणाले की मी अगोड म्हणतो. ते खूश होतात, घंटी वाजवतात. पण ही काही परतफेड नव्हे. काका, कधीतरी भरल्या सभेत तुम्ही असेच एकटे उभे राहाल. त्या दिवशी मी हातातला डाव खाली ठेवीन आणि तुमच्या बाजूने बोलेन. भात करपला तरी बोलेन.