थोरली गोळी, धाकटी गोळी आणि वकिलाचे पागोटे

जो सर्वांचे हृदयी वसतो त्यास दंडवत घालोन हृदयाचीच हकीकत लिहितो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, ते समयी एके राज्यी महाराज रायाजीराव, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, सिंहासनी होते. स्वभाव बहुत गोड. कोणाचे मन मोडणे ठाऊक नाही. एके दिवशी त्यांचे काळीज ताल सोडोन धावू लागले, आणि दोघे राजवैद्य पाचारिले, आणि दोघांनी नाडी पाहोन सांगितले की, काळजात रक्ताची गुठळी होईल, ती मस्तकी चढेल, मग अर्धांगवायू. सबब रक्त पातळ करावे. येथवर एकमत. पुढे बिघडले.

वृद्ध वैद्य कोन्हेरपंत म्हणाले, "थोरली गोळी द्यावी. जुनी, पारखलेली आहे. मात्र रक्त वरचेवर तपासावे, आणि पालेभाजी आज टोपलीभर, उद्या काहीच नाही, ऐसे करू नये." नवे वैद्य विसाजीपंत म्हणाले, "धाकटी द्यावी. तपासणीचा जाच थोडा, पालेभाजी यथेच्छ, डोक्यात रक्तस्राव होण्याचे भय कमी." "आणि मूत्रपिंडे थकली असली तर?" कोन्हेरपंतांनी पुसिले. "आधी तपासू की!" मग शब्दास शब्द वाढला, आणि दरबारी दोन पक्ष जाहले, आणि थोरलीवाले धाकटीवाल्यांचे पंक्तीस बसेनात. मग महाराजांनी दोघांस वेगवेगळे एकांती बोलावून "तुमचेच खरे" ऐसे सांगितले, आणि दोघेही आपापली गोळी देऊन संतोषले.

पंधरवडा लोटला. शेजारील राज्याचा वकील जिवाजी बल्लाळ तहास आला, आणि मुजऱ्यास वाकला, तोच महाराजांचे नाकातून रक्ताची धार सुटोन त्याचे पागोट्यावर पडली. वकिलाने डोईस हात लाविला, हात लाल. "घात! घात!" म्हणोन तो ओरडला, आणि त्याचे शिपायांनी तरवारी उपसल्या, आणि इकडीलही उपसल्या, आणि महाराज नाक धरोन गरजले, "थांबा! रक्त आमचे आहे!"

राणीसाहेब सगुणाबाई धावत आल्या. महाराजांस पुढे वाकवून नाक चिमटीत धरिले, तरी रक्त थांबेना. "खरे सांगावे, स्वारी कोणती गोळी घेते?"

महाराज हळूच म्हणाले, "सकाळी थोरली. जेवणानंतर धाकटी. कोणास वाईट वाटू नये म्हणोन."

"दोन्ही?" दोघे वैद्य एकदम किंचाळले.

मग दोन्ही गोळ्या बंद केल्या, आणि रक्त तपासोन उतारा दिला, आणि तीन दिवस दोघे वैद्य एकाच सतरंजीवर उशाशी बसले, आणि राणीसाहेबांचे डोळ्यांचे पाणी खळेना. चौथे दिवशी धोका टळला. मूत्रपिंडे धड निघाली, काळजात वैद्यांनी बसविलेली लोखंडी झडप नव्हती (असती तर थोरलीच देणे प्राप्त होते), आणि महाराजांस अळूची भाजी लहर लागेल तेव्हा लागे, सबब कोन्हेरपंतांनी आपले हाताने धाकटी दिली आणि बजाविले, "ही चुकवू नये. हिचा अंमल दिवसाभरात उतरतो." राणीसाहेबांनी डबी आपले कमरेस खोविली.

वकिलाचे धन्यासही हाच विकार होता. कोणती गोळी द्यावी ते वकिलाने पुसिले, तेव्हा उभयतां वैद्यांनी एकच पत्र लिहिले: "थोरली की धाकटी, हे ज्याची त्याची झडप, मूत्रपिंडे आणि इतर औषधे पाहोन ठरवावे. परंतु एकच."

एवंच राजे वाचले, तह जाहला, वैद्य एकमेकांशी बोलू लागले. वकिलाचे उत्तर मागाहून आले, ते येणेप्रमाणे: "पत्र पावले. एकच घ्यावी हे यथार्थ. परंतु आमचे दरबारी वैद्य तीन आहेत."