काकडीचा माग

अन्न-आकडेवारीच्या कार्यालयात मॅडमनी सकाळीच फर्मान काढलं. यंदापासून देशाचा अन्नाचा तक्ता साऱ्या जगाला बघायला खुला, आणि प्रत्येक आकड्यापुढे तो कुठून आला ते लिहायचं. गहू, दूध, अंडी सगळ्यांचा माग लागला. अडली ती काकडी. माणशी रोज तीनशे दहा ग्रॅम.

"एवढी काकडी खातं कोण? मी तर नाही खात," मॅडम म्हणाल्या.

"मीही नाही," आकडेबहाद्दर बोलून गेला आणि आपला जेवणाचा डबा त्यानं हळूच फायलींमागे सरकवला. कार्यालयात त्याला सगळे याच नावानं ओळखत.

"पाचपर्यंत शोधा. तक्ता अडला तर तुमची बढतीही अडली."

त्यानं जगभरचे अन्नाचे आकडे छापणाऱ्या जागतिक संस्थेला फोन लावला. ते म्हणाले, आम्ही तुमच्या शेती खात्याकडून घेतो. शेती खातं म्हणालं, आम्ही तुमच्याच कार्यालयाकडून घेतो. आणि त्याच्या कार्यालयात तर दरवर्षी जागतिक संस्थेचं पुस्तक उघडून आकडा उतरवायची पद्धत. म्हणजे काकडी नुसती तीन कचेऱ्यांतून गोल फिरत होती. आता मात्र त्याला चैन पडेना. बढती राहू दे बाजूला, पण कुणीतरी ती पहिल्यांदा लिहिली असेलच की!

बावीस वर्षांच्या फायली उपसल्यावर तळाशी एक कागद सापडला. 'काकडी : तीनशे दहा ग्रॅम. नमुना : एक डबा.' खाली सही होती ती याच कार्यालयातून निवृत्त झालेल्या त्याच्या सासऱ्यांची.

सासरे दोन गल्ल्या पलीकडेच राहत. चार वाजता तो पोचला तेव्हा ते बाल्कनीत वर्तमानपत्र वाचत होते.

"बाबा, ही काकडी कुठली?" त्यानं कागद पुढे धरला.

सासऱ्यांनी सही ओळखली आणि आवाज खाली आणला. "त्या वर्षी पाहणीला माणसंच मिळेनात. इकडे हिनं माझं वजन उतरवायचा ध्यास घेतलेला, डब्यात रोज नुसती काकडी. मग काय, डबाच तोलून लिहिला."

"पण खाल्लीत ना तुम्ही?"

"जावईबापू, पुरवठा वेगळा आणि सेवन वेगळं, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? कार्यालयामागे एक गाढव उभं असायचं."

"म्हणजे आपण सगळे बावीस वर्षं गाढवाच्या वाटची..."

"हळू बोला हो."

पण सासूबाई केव्हाच दारात येऊन उभ्या होत्या.

"तरीच. काकडीनं यांचं वजन उतरलं म्हणून मी गावभर सांगत सुटले, आणि हे उपाशी राहून उतरले होते. लिहा जावईबापू, जसंच्या तसं लिहा. कळू दे जगाला."

आकडेबहाद्दराचा जीव भांड्यात पडला. त्यानं तिथेच लिहिलं : 'पुरवठा : पत्नी. सेवन : गाढव.' आता पाचाच्या आत तक्ता जाणार आणि बढती पक्की. तो कागद घडी करून उठला.

"एक मिनिट," सासूबाई म्हणाल्या. "माझं ऐकून आमची लेकही तुमच्या डब्यात रोज काकडीच देते ना? ती कुठे जाते?"

आकडेबहाद्दरानं मदतीसाठी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं होतं.