सासऱ्यांच्या कोटाची उशी

उशी शिवून झाली आणि खाली पडलेले तुकडे गोळा करताना सुनेच्या हाताला कॉलर लागली. कॉलरच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याने सासऱ्यांचं नाव काढलेलं होतं. सासऱ्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. सुनेने ती तशीच नवऱ्यापुढे नेऊन धरली.

बाईला कलेचं वेड होतं, आणि वेड म्हणजे अगदी वेडच. फुटक्या किटलीचा दिवा, मोडक्या शिडीची मांडणी, गंजक्या चाव्यांचं तोरण. जुनी वस्तू दिसली की तिचे हात शिवशिवायचे. मागे सासूबाईंच्या जपून ठेवलेल्या शालीचे पडदे झाले, तेव्हा त्यांनी पडद्यांकडे पाहून निक्षून सांगितलं होतं, "पुन्हा माझ्या एका वस्तूला कात्री लागली ना, तर मी कायमची लेकीकडे राहायला जाईन. मग बस कापत."

त्या आत्ताही लेकीकडेच होत्या, पण महिन्यापुरत्या. परवा दुपारी चारला घरी पोचणार होत्या. कोट सापडला होता तो स्टोअरमधल्या एका पिशवीत, आणि सुनेला वाटलं होतं, चिंध्या असतील.

"बाबांचा तेवढा एकच कोट आईने ठेवला होता," नवरा म्हणाला आणि पेपरात तोंड खुपसून बसला. तो दिवसाला तीन वाक्यं बोलायचा, त्यातलं एक 'किल्ली कुठाय?' असायचं. सासूबाईंशी मात्र सकाळपासून भांडता यायचं, हसता यायचं, दुपारी दोघींना मिळून शेजाऱ्यांची उणीदुणी काढता यायची. त्या गेल्या तर या घरात आपण भिंतींशी बोलायला लागू, हे सुनेला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशी सोफ्यावर नव्हती. ती खिडकीपाशी, सासऱ्यांच्या वेताच्या खुर्चीत टेकून बसली होती. तीन वर्षांत त्या खुर्चीत कोणी बसलं नव्हतं. उशीला मधोमध खळगा पडला होता, कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखा. कोटाचा छातीवरचा खिसा सुनेने हौसेने तसाच ठेवला होता, रिमोट ठेवायला म्हणून. त्यातून कागदाचं एक टोक डोकावत होतं.

इथे सासऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. ते दप्तरखान्याचे प्रमुख होते आणि घरात तोंडाने बोलणं त्यांना मंजूर नव्हतं. आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूचे तुकडे करायचे, त्यावर लाल पेन्सिलीने लिहायचं, खाली तारीख घालायची आणि दोन रेघा मारायच्या. 'नळ घट्ट बंद करावा.' 'कपाट उघडे होते.' चाळीस वर्षं त्यांचा संसार असा चिठ्ठ्यांवर चालला. उत्तराची सोय त्यात नव्हती.

सुनेने कागद ओढला. लाल पेन्सिल, दोन रेघा. 'डावी शिवण वाकडी आहे. उसवून पुन्हा घालावी.' खाली तारीख आजची. आणि कागद कोमट होता.

"अहो, ही कसली मेली थट्टा?" ती तशीच न्हाणीघरात धडकली. नवरा दाढी करत होता. त्याने चिठ्ठी वाचली आणि साबणाच्या फेसाखाली त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा बाबांचा 'श' आहे. मला मार खाऊनसुद्धा असा काढता आला नाही."

सुनेने शिवण तपासली. वाकडी होती! भीती बाजूला राहिली आणि तिला भयंकर राग आला. पण शिवणीच्या बाबतीत बाई प्रामाणिक. तिने मुकाट्याने उसवून पुन्हा घातली. दुपारी घरात चिटपाखरू नव्हतं, पंखासुद्धा बंद होता, आणि वेताची खुर्ची एकदा करकरली. सुनेने एक डोळा मिटून खिशात बोटं घातली.

'आता बरी आहे. कापूस फार कोंबला आहे. श्वास घेता येत नाही.'

"टाकून दे ती उशी!" नवरा संध्याकाळी म्हणाला.

"आणि आईंना काय सांगू? तुमची एकुलती एक आठवण आधी कापली आणि मग कचऱ्यात घातली?"

"मग परत कोट करून घे."

हे मात्र तिला पटलं. सकाळी अकराला ती उशी आणि उरलेले तुकडे घेऊन कोपऱ्यावरच्या टेलरमास्तरांकडे गेली.

"उशीचा कोट?" मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "वहिनी, शिवता शिवता केस पिकले माझे, पण असं गिऱ्हाईक नाही पाहिलं. बघू तरी." त्यांनी खिसा चाचपला आणि आतला कागद वाचला. मग दोनदा वाचला.

'या इसमाने माझी तपकिरी विजार दीड इंच आखूड केली. त्याच्याकडे देऊ नये.'

मास्तर स्टुलावर बसले. दुकानात तिसरं कोणी नव्हतं, तरी मागच्या मशीनचं चाक हळूहळू फिरत होतं.

"वहिनी," मास्तर कुजबुजले, "मी त्यांना सांगितलं होतं, धुण्यात आटली म्हणून. हे माझ्या बायकोलाही माहीत नाही." आणि उशी तिच्या हातात परत देऊन, तिला बाहेर काढून त्यांनी भर अकरा वाजता शटर खाली ओढलं.

घरी येऊन सुनेने उशी लोखंडी कपाटात कोंबली, कुलूप लावलं आणि किल्ली मुठीत धरून दाराशी उभी राहिली. सव्वाचार वाजून गेले तेव्हा सासूबाई आल्या. त्यांनी बॅग ठेवली, पदराने घाम पुसला आणि खिडकीकडे पाहिलं. मग त्या हलल्याच नाहीत.

उशी वेताच्या खुर्चीत बसली होती. कपाटाचं कुलूप जसंच्या तसं होतं.

"हा ह्यांचा कोट ना?"

सुनेला रडूच फुटलं. "चुकलं माझं, आई. पिशवीत होता, मला वाटलं चिंध्या आहेत. तुम्ही बोला मला, मारा हवं तर, पण जाऊ नका हो!"

"अगं, ती पिशवी मी भंगारवाल्यासाठी बांधून ठेवली होती!"

"काय?"

"तीन वर्षं मेल्या त्या खिशातून रोज चिठ्ठी निघायची. 'आमटी खारट.' 'औषध घेतलेले नाहीस.' जिवंतपणी निदान रविवारी सुट्टी असायची! शेवटी कोट पिशवीत कोंबला आणि लेकीकडे पळाले. म्हटलं, महिन्याभरात जाईल भंगारात. आणि तू? कापूस भरून त्यांना परत खुर्चीत बसवलंस!"

एवढ्यात खिशातून कागद वर सरकला. दोघींच्या डोळ्यांदेखत. सासूबाईंनी तो उचलला.

'पोचायला सतरा मिनिटे उशीर झाला.'

सासूबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मला कागद दे," त्या म्हणाल्या. "एक नको. वही दे."

त्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसल्या आणि लिहायला लागल्या. पान भरलं की फाडायचं, घडी घालायची, खिशात कोंबायचं. मध्येच एकदा डोळे पुसले, एकदा खुदकन हसल्या, एकदा तर उशीला चापट मारली. सुनेने दोनदा चहा आणून ठेवला, दोन्ही कप गार झाले. नवरा कचेरीतून आला आणि दारातच थबकला.

"आई काय करतेय?"

"चाळीस वर्षांची उत्तरं देतेय. बूट काढा आणि गप्प बसा."

दिवेलागणीपर्यंत खिसा टम्म फुगला. शिवण कुरकुरायला लागली. मग खोलीतले सगळे आवाज एकदम थांबले, आणि त्या कागदांच्या गठ्ठ्यातून एक छोटासा तुकडा कसाबसा बाहेर आला. त्याच्यावर तारीख नव्हती, रेघाही नव्हत्या.

'वाचतोय. घाई करू नकोस.'

सासूबाईंनी तो बराच वेळ हातात धरला. मग सुनेकडे न बघताच वहीचं पुढचं पान उलटलं.

"कोटाला खाली आणखी दोन खिसे होते ना गं? तेही लाव उद्या. मला जागा पुरायची नाही."