जनुकाचं घराणं

माणसाचं रक्त शुद्ध आहे की नाही हे ठरवायला प्रयोगशाळेला निदान चमचाभर रक्त लागतं. भावकीला तेवढंही लागत नाही. एवढ्या एका बाबतीत आपल्याकडची व्यवस्था जगाच्या पुढे आहे, आणि तिची दखल अजून कुठल्याही विद्यापीठानं घेतलेली नाही, याचं बद्रीनाथरावांना मनापासून वाईट वाटत असे.

बद्रीनाथराव पाटबंधारे खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालेले. पुंडलिकनगरात त्यांचं दोन मजली घर आहे. दारावरच्या पाटीवर आडनाव मोठ्या पितळी अक्षरांत आणि त्याखाली त्यांचं स्वतःचं नाव बारीक अक्षरांत, कारण नाव एकट्याचं असतं आणि आडनाव सगळ्यांचं. नोकरीत त्यांनी कुठलीही फाईल सक्षम अधिकाऱ्याच्या मान्यतेशिवाय पुढं सरकवली नाही. निवृत्तीनंतर खातं सुटलं, सवय सुटली नाही. आता घरातल्या सगळ्या फायली मान्यतेसाठी भावकीकडे जात. (पाण्याची टाकी गच्चीच्या कुठल्या कोपऱ्यात बसवावी, हे प्रकरण अजून विचाराधीन आहे.)

त्यांचा मुलगा इंद्रजीत. वय सव्वीस, म्हणजे कायद्यानं सज्ञान आणि घरात बारका. त्याला जन्मापासून हिमोफिलिया होता. रक्त गोठवणारं एक प्रथिन त्याच्या शरीरात नीट तयारच होत नसे, त्यामुळे नुसता गुडघा टेबलाला आपटला तरी आतल्या आत रक्त साचून तो नारळाएवढा सुजायचा. वाळूजला ज्या कंपनीत तो कॉम्प्युटरवर बसायचा, तिथली पोरं मोटारसायकलवर यायची. इंद्रजीत कंपनीच्या बसनं यायचा. त्याला आयुष्यात एकदा मोटारसायकलवर वाळूजला जायचं होतं, आणि ही त्याची एकूण महत्त्वाकांक्षा होती.

हा आजार आईकडून मुलाकडे येतो, असं विज्ञान म्हणतं. भावकी हे पोराच्या पहिल्या सुजेपासूनच म्हणत होती. विज्ञान आणि भावकी यांचं एकमत झाल्याचा हा एकमेव ज्ञात प्रसंग असून, त्याचे परिणाम भागूबाई, म्हणजे इंद्रजीतची आई, तेव्हापासून भोगत आलेली आहे.

अशात शहरातल्या एका रुग्णालयात डॉक्टर कहकशा यांनी जनुकोपचाराच्या चाचणीसाठी इंद्रजीतची निवड केली. उपचार ऐकायला सोपा होता. एक निरुपद्रवी विषाणू घ्यायचा, त्याच्या पोटातला ऐवज काढून टाकायचा, तिथं रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं सुधारलेलं जनुक भरायचं आणि तो सलाईनमधून सोडून द्यायचा. विषाणू यकृतापर्यंत जातो, माल उतरवतो आणि यकृत ते प्रथिन बनवायला लागतं. बद्रीनाथरावांनी दुष्काळातल्या टँकरवरून हे लगेच समजून घेतलं.

"फक्त एक गोष्ट आहे, काका," डॉक्टर म्हणाल्या. "या विषाणूविरुद्ध शरीरात आधीच अँटीबॉडी असल्या, तर हे औषध देता येत नाही. शरीर त्याला दारातच अडवतं. सर्दी-खोकल्यासोबत हा विषाणू कधी येऊन गेला हे माणसाला कळतही नाही, त्यामुळे पुष्कळ जणांत त्या असतात. इंद्रजीतचं नशीब की त्याच्यात नाहीत. पण कधीही होऊ शकतात. म्हणून लवकर उरकू. आणि तोवर त्याला सर्दीवाल्यांच्या गर्दीत बिलकुल बसू देऊ नका."

अँटीबॉडी म्हणजे प्रतिपिंडं. आलेला कोण, कुठला, आपल्यातला आहे का, हे ती बघतात. नसला तर त्याला चिकटतात, बाहेर काढतात आणि पुढं कित्येक वर्षं त्याचा चेहरा विसरत नाहीत. डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्यात ही गोष्ट बद्रीनाथरावांना फार आवडली. माणसाच्या शरीरातही भावकी असते हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

निघता निघता त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. "हे जनुक मूळचं कुणाचं म्हणायचं?"

इथं डॉक्टरांच्या हातून चूक झाली. त्यांनी खरं उत्तर दिलं. इटलीत पादुआ नावाचं शहर आहे, तिथल्या एका माणसाचं रक्त फार जोमानं गोठायचं. त्याच्या जनुकातला तो बदल या उपचारात वापरतात.

"घराणं कसं हाय त्यांचं?"

डॉक्टर कहकशा याच शहरात वाढलेल्या असल्यामुळे त्यांना प्रश्न कळला. पण न कळल्यासारखं करणं त्यांना सोयीचं वाटलं. "काका, आता ते कुणाचंच नाही. प्रयोगशाळेत बनवतात."

बद्रीनाथराव जास्तच घाबरले. इटलीचं एक वेळ चाललं असतं. कुणाचंच नाही म्हणजे तर बेवारस. त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि प्रकरण भावकीकडे पाठवलं.

भावकी ही नोंदणीकृत संस्था नाही. तिला घटना नाही, निवडणूक नाही, कार्यालय नाही. तरीही तिची बैठक कोरमअभावी तहकूब झाल्याचं कुणी ऐकलेलं नाही, कारण बैठकीनंतर जेवण असतं. बैठक रविवारी बद्रीनाथरावांच्याच हॉलमध्ये भरली. बिडकीनहून आप्पासाहेब आले. आप्पासाहेब म्हणजे बद्रीनाथरावांचे थोरले चुलतभाऊ. त्यांच्या गाडीच्या मागच्या काचेवर आडनाव एवढं मोठं आहे की नंबरप्लेट वाचायला वेगळं खाली वाकावं लागतं. त्यांना सणसणीत सर्दी झालेली होती, तरी आले. अशी कर्तव्यनिष्ठा हल्ली कमी दिसते, असं तिघाचौघांनी बोलून दाखवलं.

इंद्रजीत हा विषयपत्रिकेवरचा विषय असल्यामुळे त्याला आप्पासाहेबांच्या शेजारी बसवण्यात आलं. भागूबाईनं स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याला हाक मारली. "आवं, डाक्टरीणबाईनं काय सांगितलं व्हतं? पोराला वर जाऊ द्या. हितं शिंका चालल्यात."

उत्तर आप्पासाहेबांनी दिलं. "बद्री, आरं ही घरची सर्दी हाय. घरच्याची सर्दी घरच्याला बाधती व्हय कुठं?"

सगळे हसले. बद्रीनाथरावही हसले. डॉक्टरांनी सर्दीवाल्या लोकांची गर्दी म्हटलं होतं, आणि ही काही लोकांची गर्दी नव्हती, ही आपली माणसं होती.

मग कामकाज सुरू झालं. इटलीतल्या त्या घराण्यात लग्नं कुठं कुठं होतात, हा पहिला मुद्दा. उद्या सोयरीक जमवताना मुलीकडच्यांना काय सांगायचं, हा दुसरा. तिसऱ्या मुद्द्यावर एका तरुण सदस्यानं अशी सूचना मांडली की आप्पासाहेबांना दाढी करताना कापलं तर रक्त लगेच थांबतं, तेव्हा घरात एवढं उत्तम जनुक असताना परदेशातून आणायची गरजच काय? आप्पासाहेबांनी विनयानं शिंकून या सूचनेचा स्वीकार केला. (ते इंद्रजीतकडे तोंड करून शिंकले. तो अंगावर आलेलं मुकाट्यानं पुसत राहिला.)

बद्रीनाथरावांनी बाजू मांडून पाहिली. जनुक फक्त यकृतात राहतं, पुढच्या पिढीत उतरत नाही, असं डॉक्टर म्हणतात.

"यकृतात का व्हईना, राहणार तर आपल्याच घरात ना?" आप्पासाहेब म्हणाले. "वरच्या मजल्यावर भाडेकरू ठिवताना तू आडनाव इचारतो का नाय?"

बद्रीनाथराव विचारत होते. अख्खं पुंडलिकनगर विचारतं. त्यामुळे हा मुद्दा मंजूर झाला.

"आप्पाकाका," इंद्रजीत पहिल्यांदाच बोलला, "मला नुसतं बरं व्हायचंय."

हे मत कामकाजातून वगळण्यात आलं. चौकशी पूर्ण होईपर्यंत औषध घेऊ नये असं एकमतानं ठरलं आणि पानं मांडली गेली. चौकशीचं काम आप्पासाहेबांच्या जावयाच्या एका मित्राकडे सोपवलं. तो नेमका तेव्हा सहलीसाठी इटलीला गेलेला होता. त्यानं झुकत्या मनोऱ्याला हात लावून काढलेला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, लोकं बरी वाटतात. पण मनोरा पादुआत नाही, असं कुणीतरी शोधून काढलं, त्यामुळे हा अहवाल अपूर्ण ठरवून परत पाठवण्यात आला.

मधल्या काळात घरच्या सर्दीनं घरच्या सगळ्यांना धरलं. इंद्रजीतला तापही आला. भागूबाईनं काढा दिला, आठवडाभरात तो बरा झाला आणि पुन्हा बसनं जाऊ लागला.

एके दिवशी बसनं करकचून ब्रेक मारला आणि इंद्रजीतचा गुडघा पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर आदळला. त्याला दवाखान्यात नेईपर्यंत तो एवढा सुजला की पँट कापून काढावी लागली. त्याचं नेहमीचं इंजेक्शन त्या दिवशी संपलेलं होतं, म्हणून रक्तपेढीतून प्लाझ्मा मागवला. पेढीनं बदल्यात रक्तदाते पाठवायला सांगितलं. बद्रीनाथरावांनी भावकीला फोन लावले.

रक्ताच्या नात्याची ही परीक्षा भावकीनं ज्या तऱ्हेनं दिली, ती नोंदवून ठेवण्यासारखी आहे. एकाला शुगर निघाली. एकाचा संकष्टीचा उपास होता. दोघांना त्याच आठवड्यात बी.पी. सुरू झालं होतं. ज्यानं आप्पासाहेबांचं जनुक सुचवलं होतं, त्याला सुई बघितली की चक्कर येत असे. खुद्द आप्पासाहेबांची सर्दी नुकतीच गेलेली असल्यामुळे त्यांना अशक्तपणा होता. त्यांनी आशीर्वाद दिले, ते मात्र भरपूर.

प्लाझ्मा चढायला लागला. बद्रीनाथराव मुलाचं पाऊल मांडीवर घेऊन बसले. पिशवी दोन्ही बाजूंनी निरखून पाहिली तरी तिच्यावर रक्तगट आणि एक क्रमांक याशिवाय काही नव्हतं.

"सिस्टर, हे कुणाचं?"

नर्स निशा सलाईनचा वेग बघत होती. "ते आम्हालापण नसतं माहीत, काका. आणि याला लहानपणी जी इंजेक्शनं द्यायचे ना, त्यातलं एकेक हजारो लोकांचं रक्त एकत्र करून बनवलेलं असायचं."

बद्रीनाथरावांनी पुन्हा पिशवीकडे पाहिलं. म्हणजे भावकी ज्या रक्ताला जपत होती, त्यात केव्हापासून हजारोंनी अनोळखी माणसं येऊन गेली होती. कुणी आडनाव सांगितलं नव्हतं. सगळ्यांनी मुकाट्यानं पोराचं रक्त थांबवलं होतं आणि ती निघून गेली होती. मांडीवरचा पाय हळूहळू ढिला पडत होता. बद्रीनाथरावांना स्वतःची शरम वाटली. बाहेर येऊन त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांच्या मान्यतेशिवाय फाईल पुढं सरकवली. डॉक्टर कहकशा यांना फोन करून सांगितलं, "आमची तयारी आहे. उद्याच करा."

औषधाआधी तपासणी पुन्हा करायची असते. ती केली. डॉक्टरांनी बापलेकांना समोर बसवलं आणि बराच वेळ टेबलावरचा पेन इकडून तिकडे ठेवला.

"काका, आता नाही देता येणार. त्याच्या शरीरात अँटीबॉडी तयार झाल्यात. मधे सर्दी-ताप झाला होता का?"

"व्हय," बद्रीनाथराव म्हणाले. "घरचीच होती."

"शरीराला विषाणू बाहेरचा वाटतो. आता ते त्याला आत येऊ देणार नाही. कदाचित कधीच."

इंद्रजीतनं शेजारची काठी जवळ ओढली. "म्हंजे मोटारसायकलचं राहिलंच," तो म्हणाला, आणि कंपनीची बस चुकू नये म्हणून काठी टेकत उठला. बद्रीनाथराव पार्किंगमध्ये एका खांबाआड उभे राहून रडले.

ही बातमी भावकीत अत्यंत समाधानानं ऐकली गेली. बाहेरचं जनुक खुद्द रक्तानंच नाकारलं, याला म्हणतात रक्त, असं आप्पासाहेब म्हणाले. पुढच्याच रविवारी इंद्रजीतचा सत्कार ठरला. हॉल भरला, शाल आली, नारळ आला. आप्पासाहेबांनी शाल उलगडली तेव्हा बद्रीनाथराव उभे राहिले.

"दादा, आधी एक चौकशी राहिलीय. माझ्या पोराच्या अंगात जे शिरलं, ते कुणाच्या घराण्यातून आलं?"

आप्पासाहेब शालीची पुन्हा घडी घालू लागले. मग एकाला गंगापूरला जायचं आठवलं. दुसऱ्याची गाडी कुणाच्या तरी दारात आडवी लावलेली होती. कोरमअभावी तहकूब झालेली भावकीची ही पहिली बैठक. भागूबाईचा स्वयंपाक तयार होता, तो वरच्या भाडेकरूंनी आणि शेजाऱ्यांनी मिळून खाल्ला.

राहता राहिली वाचकांची एक तक्रार. पितळी पाटीवर आणि गाडीच्या काचेवर जे आडनाव आहे, ते या कथेत कुठंही दिलेलं नाही. जागेअभावी ते गाळलं आहे. परंतु बहुतेक वाचकांनी दुसऱ्या परिच्छेदापासूनच ते हुडकायला घेतलं असून, पाटबंधारे खातं, पुंडलिकनगर आणि बिडकीन यांच्या आधारे अंदाजही बांधून टाकलेला आहे, आणि तो बरोबर असल्याची त्यांना खात्री आहे. डॉक्टर कहकशा यांचं आडनाव कुणी शोधलं नाही. त्यांचं पहिलंच नाव पुरलं. इंद्रजीतच्या शरीराला एवढी ओळख पटवायला निदान काही आठवडे तरी लागले होते.