हँडलवरचं पॅकिंग

सायकलीनेच जायचं, असं पॅकिंगसाहेबांनी ठरवलं तेव्हा त्यांना अडवायला घरात कुणी नव्हतं. सगळा घोळ तिथेच होता. एरवी त्यांनी छत्री घेऊन जायचं ठरवलं तरी बायको अडवत असे, आणि ते पुष्कळदा तिचं ऐकत. पण बायको रुसून तिच्या ताईकडे गेली होती, आणि तिलाच आणायला हे निघाले होते.

पॅकिंगसाहेब हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. काचसामानाच्या कारखान्यात ते पॅकिंग खात्याचे प्रमुख होते. पेले, बशा, बरण्या असं जे काही फुटू शकतं ते पुठ्ठ्यात, भुशात आणि कागदात असं बसवायचं की टेम्पो उलटला तरी आतला पेला हलता कामा नये, हे त्यांचं काम. कामात माणूस एक नंबर. फक्त संध्याकाळी सहाची घंटा झाली की इतर लोक काम कारखान्यात ठेवून घरी येत, हे ते बरोबर घेऊन येत.

घरातला सोफा आला तसा प्लास्टिकमध्ये होता. रिमोट पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. फ्रिजच्या दांड्याला टॉवेल, टॉवेल मळू नये म्हणून त्यावर जुना टॉवेल. मिक्सर खोक्यातून निघे, एक चटणी वाटे आणि पुन्हा खोक्यात जाऊन बसे. (खोक्यात घालताना आधी कुठली बाजू घालायची यावर त्यांचं बायकोशी जे बोलणं होई, त्याला संसार म्हणत.)

आणि कपांचा तो सेट. कारखान्याने त्यांना पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेला, निळ्या काठाचा. तो त्यांनी स्वतःच्या हाताने इतका सुरेख बांधून ठेवला होता की तो उघडणं म्हणजे पापच वाटावं.

गेल्या रविवारी ताई आली. बायकोने विचारलं, "तो सेट काढू का?"

"पाहुणे आले की काढू."

"ताई आलीये."

"ताई काय पाहुणी आहे का?" असं साहेब म्हणाले. त्यांच्या मते हे ते अगदी आपुलकीने म्हणाले होते. ताई टवका उडालेल्या कपातून चहा प्यायली, सोफ्याच्या प्लास्टिकवरून घसरता घसरता सावरली आणि काही बोलली नाही. बायको मात्र बोलली.

"मग पाहुणे म्हणजे कोण? पोरगी नोकरीला परगावी गेली. आपल्याकडे येतं कोण? आपण गेल्यावर येतील चार लोक, तेव्हा काढा तो सेट. त्यांना तरी चांगल्या कपात चहा मिळू दे."

एवढं म्हणून तिने बॅग भरली आणि ताईबरोबर निघून गेली.

पहिले दोन दिवस साहेब ताठ होते. तिसऱ्या दिवशी घर खायला उठलं. संध्याकाळी दिवा लावून ते सोफ्यावर बसले, तर बुडाखालचं प्लास्टिक करकरलं. घरात तेवढाच काय तो आवाज. त्यांना भीती वाटली. बायको आता येणारच नाही, आणि हे घर असंच गुंडाळलेलं राहील आणि आपण त्यात एकटेच, याची अगदी साधी, सरळ भीती. त्यांनी मुलीला फोन लावला.

"बाबा," ती म्हणाली, "आईला आणायला जा. पण आधी घर उघडा. नाहीतर ती दारातूनच मागे फिरेल."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून साहेबांनी सकाळपासून घर उघडायला घेतलं. सोफ्याचं प्लास्टिक त्यांनी कडेकडेने कापलं. आतून गडद हिरवा रंग निघाला. सोफा हिरवा आहे हे ते विसरूनच गेले होते. रिमोट उघडला, टॉवेल सोडले, मिक्सर ओट्यावर आला. शेवटी कपांचा सेट सोडवून त्यांनी त्यात चहा ओतला आणि एकट्यानेच प्यायला. चहा काही चांगला लागला नाही.

मग ताईकडे काय सांगायचं, याची त्यांनी मनात जुळवाजुळव केली. 'मी सगळं उघडलंय.' यावर बायको म्हणणार, 'दाखवा.' सोफा काही बसमध्ये घालून नेता येत नाही. पुरावा म्हणून नेता येईल असं घरात काय आहे, याचा विचार करत ते मागच्या खोलीत गेले, आणि त्यांना मुलीची सायकल दिसली.

दिसली म्हणजे चादर दिसली. मुलीने इथल्या नोकरीच्या पहिल्या पगारातून घेतलेली ती शर्यतीची सायकल, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल असलेली. ती परगावी गेली त्याच दिवशी साहेबांनी सायकल चादरीत गुंडाळली होती. 'ती तरी कुणी चालवा,' असं बायको कितीदा म्हणाली असेल! बस्स, ठरलं. सायकलीवरूनच जायचं. बायको खिडकीतून बघेल आणि न बोलताच समजेल.

त्यांनी चादर काढली, सीटवरची पिशवी काढली, दांड्यांवरचे वर्तमानपत्राचे कागद काढले. आणि मग त्यांची नजर हँडलवर गेली. हँडलवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी, मऊ, स्पंजासारखी पट्टी गुंडाळलेली होती. ही काही त्यांनी गुंडाळली नव्हती. म्हणजे कंपनीनेच गुंडाळली असणार, प्रवासात ओरखडे पडू नयेत म्हणून. साहेबांनी बोट फिरवून पाहिलं. पदरावर पदर सारखा, एकही सुरकुती नाही. एका कारागिराने दुसऱ्याला द्यावी तशी त्यांनी मनातल्या मनात दाद दिली. पोरीने दोन वर्षं सायकल चालवली, पण हे काढलं नाही. (बापाची लेक, असं मनात येऊन त्यांचे डोळे भरून आले.)

पण आज सगळं उघडायचं होतं. त्यांनी टोकाची रबरी बुचं उपटली, पट्टीचं टोक पकडलं आणि सर्रकन सोडवत नेली. आत ब्रेकच्या तारा दोन ठिकाणी चिकटपट्टीने बांधलेल्या होत्या. ती चिकटपट्टीही त्यांनी काढली. तारा सुटून अंग मोकळं केल्यासारख्या बाहेर आल्या. खालून उघडंवाघडं लोखंड निघालं, मध्ये गोंदाचा काळा, चिकट पट्टा. साहेब दोन पावलं मागे सरले आणि त्यांनी समाधानाने पाहिलं. आयुष्यात इतकं धाडस त्यांनी कधी केलं नव्हतं.

गल्लीच्या टोकापर्यंत सगळं ठीक होतं. हँडल थंडगार होतं, एवढंच. मुख्य रस्त्याला लागल्यावर खड्डे सुरू झाले, आणि प्रत्येक खड्डा चाकातून दांड्यात, दांड्यातून हँडलमध्ये, हँडलमधून तळहातात आणि तिथून थेट कवळीत जाऊ लागला. साहेबांनी पकड घट्ट केली. पकड घट्ट करायची ती नेमकी त्या गोंदावर. थोड्या वेळाने बोटं सरकवून पाहिली, तर सरकेनात. सुटलेली तार मधल्या बोटावर वाजत होती. हँडल इतकं खाली की समोर बघायचं तर मान मोडायची, म्हणून ते रस्त्याकडेच बघत होते, आणि रस्ताही बघण्यासारखा नव्हता.

चौकात वळताना पोलिसाने शिट्टी मारली.

"अहो आजोबा! वळताना हात दाखवा!"

"सुटत नाही!"

"काय सुटत नाही?"

"हात!"

"मग धरलाय कशाला?"

पोलिसाने काही क्षण त्यांच्याकडे निरखून पाहिलं, मग स्वतःच हात दाखवून बाकीची वाहनं थांबवली. साहेब मान खाली घालून वळले. तशीही ती खालीच होती.

आभाळ सकाळपासून कुंद होतं, ते आता भुरभुरायला लागलं. जिथे गोंद नव्हता तिथलं लोखंड साबणासारखं झालं. म्हणजे डावा हात अजून चिकटलेला आणि उजवा सुटून घसरणारा, अशा अवस्थेत साहेब ताईच्या घराच्या उतारावर येऊन पोहोचले. आपण इतके एकटे आयुष्यात कधीच नव्हतो, असं त्यांना त्या उतारावर वाटलं. घरात टॉवेलवर टॉवेल घालत असताना बायको शेजारच्या खोलीत काहीतरी पुटपुटत असे, तो आवाज त्यांना फार आठवला. ब्रेक दाबावा म्हणून त्यांनी उजवा हात पुढे नेला. तो ब्रेकपर्यंत गेला, तिथून घसरला आणि हवेत गेला.

ताईचं फाटक बंद होतं. ते साहेबांनी उघडलं.

बायको धावत बाहेर आली. साहेब फाटकाखाली, सायकल साहेबांवर, आणि हँडलची उघडी नळी मांडीत रुतलेली. (तिथे पुढे बरेच दिवस सरकारी शिक्क्यासारखा गोल वण होता.)

"अहो! हे काय? हे काय करून घेतलंत?"

"उघडलं," साहेब कण्हत म्हणाले. "सगळं उघडलं मी."

"काय उघडलं? गुडघा?"

"घर!"

"घर उघडं टाकून आलात? कुलूप लावलं नाहीत?"

तोवर आतून साडू आले. साडूंचं औषधांचं दुकान होतं. तरुणपणी ते एकदा सायकलीच्या शर्यतीत उतरले होते आणि त्यानंतर प्रत्येक जेवणाच्या गप्पांत त्याच शर्यतीत पुन्हा उतरत. त्यांनी साहेबांना 'नंतर बघू' अशा थाटात बाजूला सारलं आणि सायकल उभी केली.

"हिची टेप कुठे गेली?"

"कसली टेप?"

"हँडलची."

"ती? ती काढली मी. पॅकिंग होतं ते."

साडूंनी एकदा हँडलकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे.

"अहो साडूबुवा, ती धरायला असते! हात सोलू नये, सरकू नये, हादरे बसू नयेत म्हणून मुद्दाम गुंडाळतात. जगात कुणी काढत नाही ती!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. गुडघा दुखत होता, हात सोलून लाल झाले होते, पण हे त्याहून वर्मी बसलं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आवरणं काढायला घेतली होती आणि त्यात नेमकं काढायचं नव्हतं तेच काढलं होतं. तेही पॅकिंग खात्याच्या प्रमुखाने. ताई तोंडाला पदर लावून आत गेली. ती रडायला गेली नव्हती, हे तिच्या हलणाऱ्या खांद्यांवरून कळत होतं.

साडूंनी दोन्ही हातांना मनगटापर्यंत पट्ट्या बांधल्या. दुकान घरचंच असल्यामुळे कंजूषपणा केला नाही. साहेब दोन पांढरे बोळे मांडीवर ठेवून ओसरीत बसले. घरून निघताना केलेली सगळी जुळवाजुळव उतारावरच सांडली होती.

"घरी चल," ते एवढंच म्हणाले. "घरात आवाजच नाही कुणाचा."

बायको बॅग आणायला उठली. साहेबांचा जीव भांड्यात पडणार, एवढ्यात ती वळून म्हणाली, "हातांसाठी येतेय. तुम्हाला घास कोण भरवणार? हात बरे झाले की बघू."

सायकल तिथेच राहिली. ही दोघं रिक्षाने घरी आली. बायकोने हिरवा सोफा पाहिला, ओट्यावरचा मिक्सर पाहिला, निळ्या काठाचे कप पाहिले. सोफ्यावर ती जरा टेकली, हाताने कापड चाचपलं आणि स्वयंपाकाला लागली. तिची बॅग तिने दाराशी ठेवली, चेन लावलेली.

त्या बॅगेने साहेबांची झोप उडवली. रोज सकाळी उठले की आधी बॅगेकडे नजर. ती तिथेच, तशीच, निघायच्या तयारीत. बायको दोन्ही वेळ त्यांना समोर बसवून घास भरवी. घास गोड लागे आणि घशाखाली उतरताना तीच आठवण करून देई: हात बरे झाले की बघू.

आणि हात तर बरे व्हायला लागले! पहिल्यांदा आग थांबली, मग खपल्या धरल्या, मग त्याही गेल्या. साहेबांचं धाबं दणाणलं. "पट्टी मी कारखान्यातल्या कंपाउंडरकडून बदलून घेत जाईन," असं त्यांनी घरी जाहीर केलं. रोज सकाळी कारखान्याच्या फाटकातून आत शिरले की ते पट्ट्या सोडत, दिवसभर धडधाकट हातांनी खोकी बांधत आणि घंटा झाली की पॅकिंग खात्याच्या टेबलाशी बसून स्वतःचे दोन्ही हात पुन्हा पॅक करत. हाताखालचे लोक बघत, पण साहेबांचा चेहरा असा सुतकी असे की विचारायची कुणाची छाती होत नसे.

एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "आता काढा ती पट्टी."

"ठणकतं गं अजून."

"कंपाउंडर इतकी सुरेख पट्टी बांधत नाही. पदरावर पदर, एक सुरकुती नाही. आठवडा झाला बघतेय मी."

साहेबांचा घास तोंडातच राहिला. तो त्यांनी कसाबसा गिळला. खोटं बोलायला काही सुचेना, म्हणून खरं बोलले. "काढली की तू जाशील."

"कुठे?"

त्यांनी एका पांढऱ्या बोळ्याने दाराकडे दाखवलं. बायकोने बॅगेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"ती रिकामी आहे. कपडे मी आले त्याच दिवशी कपाटात लावले. बॅग माळ्यावर टाकायला गेले, तर माळाभर तुमची रिकामी खोकी. म्हणून पडलीये तिथे."

साहेबांना हसावं की रडावं कळेना. दोन्ही थोडं थोडं आलं. बोळ्याने डोळे पुसत ते म्हणाले, "मग सांगायचंस की! हात बरे झालेत हे ठाऊक होतं, तर आठवडाभर मला भरवत का बसलीस?" तिच्या उत्तराच्या आशेने ते सोफ्यासारखे हिरवेगार झाले होते.

"तोंडात घास असला की तुम्ही बोलत नाही," बायको म्हणाली.