खंडूकाकांचा अकरावा दिवस

खंडूकाकांच्या घरात शिरायचं तर आधी फिनेलमध्ये उभं राहावं लागे. उंबऱ्याबाहेर एक गोणपाट कायम भिजवून अंथरलेलं असे. त्यावर दोन्ही पाय टेकवायचे, मनात पन्नास आकडे मोजायचे आणि मगच आत. शेजारी म्हणून आम्हांला सवलत होती. आम्ही तीसच मोजत असू.

खंडूकाका माझे सख्खे काका नव्हेत. मैसूरला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. त्यांच्या पणजोबांनी म्हणे मैसूरच्या फौजेत घोडा गाजवला होता. काकांच्या वाट्याला गुरं आली. संस्थानच्या खात्यात ते गुरांचे इन्स्पेक्टर होते. गाव त्यांना ‘दनद डॉक्टर’ म्हणे. कन्नडमध्ये दन म्हणजे गुरं. कुणी नुसतं डॉक्टर म्हटलं तर काका स्वतःच दुरुस्त करत, “दनद! तुम्हांला औषध नाही माझ्याकडे.”

त्यांचा जन्माचा वैरी म्हणजे बुळकांड्या. जनावराला ताप येतो, तोंडात फोड उठतात, हगवण लागते आणि आठवड्याभरात गोठा रिकामा होतो. तो बहुधा कोडगूकडून, म्हणजे कुर्गाकडून यायचा. कोडगू इंग्रजांचं, इकडे महाराजांचं राज्य. माणसांना दोन राज्यं, रोगाला एकच रस्ता. त्या रस्त्यावर, हुणसूर ओलांडून मैसूरकडे येताना, येलवालला काकांचा तपासणीचा नाका होता. बाहेरचं जनावर तिथे दहा दिवस बांधून ठेवायचं, असा नियम. काका तो गुरांना लावत, आणि माणसांनाही.

“दहा दिवस. बघू. अकराव्या दिवशी सोडू,” हे त्यांचं सगळ्यावर उत्तर. आईनं नवं लोणचं पाठवलं, दहा दिवस. गल्लीत कुणाची बातमी आली, दहा दिवस. “बातमीला बांधून ठेवा वैनी. खोटी असली तर तेवढ्यात मरते.”

“पण अकरावा अकरावा काय म्हणता हो भावोजी!” आई कानांवर हात ठेवी. “भरल्या घरात अकराव्याचं नाव काढू नये.”

“मेलेल्याचा अकरावा वेगळा. माझा जगलेल्याचा.”

त्यांचं लग्न झालं नाही, त्यालाही हेच कारण, असं गल्लीचं मत. हुणसूरहून एक गृहस्थ मुलगी सांगून आले होते. काकांनी गोत्र विचारलं नाही, कुळ विचारलं नाही. विचारलं, “गाडीला बैल कुणाचे? वाटेत पाणी कुठं पाजलं?” मग त्यांना जरीच्या पागोट्यासकट गोणपाटावर उभं केलं. गृहस्थांनी पन्नास आकडे मोजले आणि तसेच मागे वळून हुणसूरला गेले.

माझ्यावर मात्र त्यांची मर्जी होती. “ही पोर बरी. तोंड उघडत नाही. संसर्ग नाही.” मी इंग्रजी शाळेत शिकलेली, म्हणून त्यांचा पत्रव्यवहार माझ्याकडे. “सुमी, इंग्रजी काढ!” ते कुंपणावरून हाक देत, जणू इंग्रजी आमच्याकडे बरणीत घालून ठेवलं होतं. मी दौत-टाक घेऊन ओसरीवर बसे. ते मराठीत सांगत, मध्येच कन्नडात रागावत आणि शेवटी बजावत, “ते ‘आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक’ बारीक अक्षरात लिही. नाहीतर डोक्यावर बसतात.”

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर साथ आली, आणि तिच्याबरोबर देवी आली.

आपल्याकडे मरीआईचा गाडा असतो, तशी इकडे मारम्मा. गावात रोग शिरला की लोक लाकडाची लहानशी देवी करतात, गाड्यावर बसवतात, सोबत एखादं जनावर देतात आणि पूजा करून आपल्या शिवेपलीकडे सोडून येतात. पुढचं गाव तिला आणखी पुढे ढकलतं. ही देवी कोडगूतून निघाली होती. सरहद्दीवरच्या शिपायांनी तिला हात जोडून वाट दिली. येलवालला मात्र आडवा बांबू होता आणि बांबूमागे खंडूकाका. गाड्यामागे दाव्याला एक म्हशीची पारडी होती, बरगड्या मोजाव्यात अशी.

“दहा दिवस,” काका म्हणाले.

येलवालचे गौडा, म्हणजे तिथले पाटील, धावत आले. “स्वामी, देवीला बांधून ठेवायची नसते!”

“देवीला कुठं बांधली? पारडीला बांधली. देवी सुम्मने, शांत बसली आहे.”

“पण ती रुसली तर?”

“पाहुणी दारात आली की शेजाऱ्याकडे ढकलता, तेव्हा नाही रुसत? दहा दिवस पाहुणचार करा.”

आम्ही कोडगूच्या कचेरीला पत्र लिहिलं. आपल्या हद्दीतून देवी, लाकडी, एक. आणि पारडी, जिवंत, एक. आमच्या हद्दीत आल्या आहेत. मालक कळवावा. सहाव्या दिवशी उत्तर आलं. देवता या खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत. पारडीचा मालक इकडे आढळत नाही. ती सध्या आपल्या हद्दीत असल्याने आपलीच समजावी.

“बघ,” काका म्हणाले, “हे तर गौडांपेक्षा पुढचे. देवीला कागदावरनं ढकलतात.”

रविवारी वडिलांबरोबर टांग्यातून मी येलवालला गेले. काका नाक्यावर एका दगडावर बसले होते आणि पारडी त्यांच्या कोटाची बाही चघळत होती. आम्हांला पाहताच ते ताठ झाले. “तपासणी चालू आहे. जीभ बघतोय.” मग तिच्या नाकपुडीजवळचे जुने डाग दाखवून म्हणाले, “हिनं रोग भोगलाय. गोठ्यात एकटीच उरली असणार. एकदा उठलेल्या जनावराला तो पुन्हा होत नाही, ते दुसऱ्याला देतही नाही. पण देवीची म्हणून कुणी जवळ करत नाही. जो तो म्हणतो, पुढं, पुढं.”

नवव्या दिवशी वरून हुकूम आला. दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मिरवणुकीसाठी खेडोपाडीच्या बैलगाड्या त्याच रस्त्याने येणार. तेव्हा नाक्यावरची बेवारशी जनावरं गोळी घालून पुरावीत. काकांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. इंग्रजी त्यांना वाचता येत होतं.

दहाव्या दिवशी संध्याकाळी ते ओसरीवर आले. “सुमी, इंग्रजी काढ,” ते हळूच म्हणाले. छापील अहवाल होता. मी रकाने भरू लागले. जनावर: पारडी, एक. लक्षणं: नाहीत. मुदत: पुरी.

“मालक?” मी विचारलं.

मी टाक दौतीत बुडवला, निथळवला, पुन्हा बुडवला. आई दारात येऊन उभी राहिली.

“बेवारशी लिहिलं की गोळी,” ते म्हणाले. मग घसा खाकरून त्यांनी स्वतःचं संपूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. “नीट लिही. हे बारीक नको.”

ते गेल्यावर आई म्हणाली, “प्लेगच्या साली त्यांच्या घरात ते एकटेच उरले, दहा-बारा वर्षांचे. चुलत्याकडे गेले, आत्याकडे गेले. सगळ्यांनी ओसरीवरच ठेवलं. म्हणायचे, दहा दिवस बघू. ताप नाही, काही नाही. तरी अकराव्या दिवशी भाकरी बांधून द्यायची आणि पुढच्या गाडीत बसवायचं. शेवटी इथं, शेजारच्या या घरात, दूरच्या नात्यातले एक म्हातारे होते. त्यांनी अकराव्या दिवशी आत हाक मारली. म्हणून राहिले.”

इतकी वर्षं त्यांच्या ‘अकराव्या’ला हसणाऱ्यांत मीही होते.

देवी येलवाललाच राहिली. दहा दिवस पूजा करून गौडांनाच तिचा लळा लागला. त्यांनी तिला कडुनिंबाखाली ओटा बांधून दिला.

पारडी मात्र अकराव्या दिवशी सकाळी मैसूरला आली. काका तिला दाव्यानं धरून स्वतः चालत आले होते. परसात जायची वाट घरातूनच होती. उंबऱ्याशी ती थबकली, फिनेलचं गोणपाट हुंगलं आणि जोरात शिंकली. मी कुंपणापाशी उभी होते. सवयीनं मोजू लागले, एक, दोन, तीन...

“मोजू नको गं,” काका म्हणाले आणि त्यांनी पायानं गोणपाट बाजूला सारलं. मग आधी स्वतः आत गेले, मागे वळले आणि तिला हाक मारली.